पुळणीच्या जमिनीत नवी हिरवळ : खत केव्हा, किती आणि कसे द्यावे

अलिबाग-नागावपासून गुहागर, तारकर्ली आणि पुढे गोव्यातील कोलव्यापर्यंत किनाऱ्यालगतच्या घरांभोवती आणि पर्यटक निवासांभोवती हिरवळ लावलेली सर्रास दिसते. यांतील बरीचशी जमीन पुळणीची, म्हणजे जवळजवळ निव्वळ वाळूची असते. खत देण्याची रीत मात्र देशावरच्या भारी जमिनीतून जशीच्या तशी उचललेली असते. लागवडीच्या दिवशी डीएपी, म्हणजे नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) असलेले खत, भरपूर घालायचे, गवत पिवळे दिसले की युरिया फोकायचा आणि महिन्याभरात ते पुन्हा पिवळे पडले की पुन्हा युरिया फोकायचा, असा हा क्रम आहे. भारी जमिनीत अशी ढिलाई खपून जाते, कारण जास्तीचे खत माती काही काळ सांभाळून ठेवते. वाळू ते सांभाळत नाही. त्यामुळे रेताड जमिनीत खताची एकूण मात्रा वाढवण्यापेक्षा ती मुळांच्या वाढीच्या मागोमाग, लहान लहान हप्त्यांनी देणे महत्त्वाचे ठरते, आणि पहिला हप्ता बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा उशिरा द्यावा लागतो.

मातीत अन्नद्रव्ये धरून ठेवण्याचे काम चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण आणि कुजलेला सेंद्रिय अंश हे दोघे करतात. त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असल्यामुळे अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे धनभारित आयन त्यांना चिकटून राहतात व मुळांना सावकाश मिळत जातात. वाळूचे कण ०.०५ ते २ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे तुलनेने फार मोठे असतात, त्यांचा एकूण पृष्ठभाग कमी भरतो आणि त्यावर असा भार जवळजवळ नसतो. नत्राची अडचण याहून मोठी आहे. युरियाच्या रेणूवर कोणताच भार नसल्याने तो विरघळताच पाण्याबरोबर खाली उतरू लागतो. काही दिवसांत त्याचे अमोनियममध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर होते, आणि नायट्रेट ऋणभारित असल्याने त्याला भारी जमीनसुद्धा फारसे धरून ठेवू शकत नाही. नव्या गवताची मुळे पहिले काही आठवडे वरच्या पाचसात सेंटिमीटरांतच असतात. त्या थराखाली गेलेले नत्र गवताच्या दृष्टीने संपलेले असते.

ते नत्र पुढे कोठे जाते, हा प्रश्न किनाऱ्यावर विशेष महत्त्वाचा आहे. पुळणीच्या पट्ट्यात गोड्या पाण्याचा थर उथळ असतो, विहीर वाडीतच असते आणि पुष्कळ घरांत पिण्याचे पाणी त्याच विहिरीचे असते. पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि त्याहून अधिक नायट्रेट विशेषतः तान्ह्या बाळांना घातक ठरते. म्हणून विहिरीभोवतीचा काही मीटरचा पट्टा खताविना ठेवणे, किंवा तेथे लॉनऐवजी खताची गरज नसलेली झाडेझुडपे लावणे, हे या जमिनीत शहाणपणाचे आहे.

लागवडीपूर्वी

खत ठरवण्याआधी जमीन कोणत्या प्रकारची वाळू आहे हे पाहावे. ओली माती मुठीत दाबून तिची वळी होते का, हे पाहिले की वाळूचे प्रमाण ढोबळपणे कळते. हातभर खोल खड्ड्यात ओतलेले पाणी काही मिनिटांत नाहीसे होत असेल, तर पुढे दिलेल्या सूचना त्या जमिनीला पूर्णपणे लागू आहेत. त्यानंतर मूठभर कोरड्या वाळूवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकावे. बुडबुडे येऊन फसफसले, तर वाळूत शिंपल्यांचा चुरा, म्हणजेच चुना आहे आणि जमीन अल्कधर्मी आहे असे समजावे. अशा जमिनीत स्फुरद, लोह आणि मँगनीज यांचे वागणे वेगळे असते, ते पुढे येईल. माती परीक्षण करून घेतल्यास अधिक चांगले. सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, उपलब्ध स्फुरद आणि पालाश (पोटॅश) एवढ्या पाच गोष्टी पुरतात. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि जुन्या गोव्यातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था या दोन्ही संस्थांना या पट्ट्यातील जमिनींचा अनुभव आहे.

वाळूची धारणशक्ती वाढवण्याची खरी संधी लागवडीपूर्वीच मिळते, कारण गवत पसरल्यावर मुळांच्या थरात काही मिसळता येत नाही. पूर्ण कुजलेले कंपोस्ट किंवा शेणखत अडीच सेंटिमीटर जाडीने पसरून ते वरच्या दहा ते पंधरा सेंटिमीटर वाळूत नीट कालवावे. एका गुंठ्याला, म्हणजे साधारण १०१ चौरस मीटरला, हे प्रमाण सुमारे अडीच घनमीटर, अर्थात एका ब्रासपेक्षा थोडे कमी भरते. अर्धवट कुजलेले शेणखत टाळावे, कारण त्याच्याबरोबर मुळे खाणारी हुमणीची अळी आणि तणांचे बी येते, शिवाय ते कुजण्याच्या काळात जमिनीतील थोडेफार नत्रही ओढून घेते. कोकोपीट पाणी धरण्यासाठी उत्तम आहे, पण न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार बरेच असतात आणि किनाऱ्यावर क्षारांची भर नकोच असते, म्हणून ते धुतलेले असल्याची खात्री करावी. त्याच्यात अन्नद्रव्ये नगण्य असतात, तेव्हा त्याला खत समजू नये.

लाल मातीबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण वाळूवर जांभ्याच्या मातीचे दोनचार डंपर ओतून त्यावर लॉन लावणे ही या भागातील सर्वांत रूढ पद्धत आहे. लाल माती घालण्यात चूक नाही. तिचा वेगळा थर करून ठेवण्यात आहे. बारीक कणांच्या थराखाली एकदम भरड वाळू लागली की पाणी त्या सीमेवर अडते, वरचा थर पूर्ण भिजल्याशिवाय खाली उतरत नाही, आणि मुळेही त्या सीमेपाशीच थबकतात. परिणामी पावसाळ्यात लॉनखाली चिखल राहतो आणि उन्हाळ्यात तेच लॉन दोन दिवसांत करपू लागते. माती आणली असेल तर ती कंपोस्टबरोबरच वाळूत मिसळून टाकावी. जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि तिच्यातील लोह व ॲल्युमिनियमची संयुगे स्फुरद घट्ट बांधून ठेवतात, ही गोष्टही ती भरपूर वापरताना लक्षात असू द्यावी.

रासायनिक खतांपैकी लागवडीपूर्वी फक्त स्फुरद द्यावे. नव्या गवताला मुळे फुटण्यासाठी त्याची गरज असते, ते जमिनीत फारसे हलत नाही आणि तोकड्या मुळांना दूरचे स्फुरद मिळवता येत नाही; म्हणून ते आधीच त्यांच्या वाटेवर असावे लागते. गुंठ्याला ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट वरच्या सातआठ सेंटिमीटर थरात मिसळले की चौरस मीटरला सुमारे ५ ग्रॅम स्फुरद मिळते, आणि याच खतातून गंधक व कॅल्शियमही मिळते. परीक्षणात स्फुरद फारच कमी आढळले, किंवा शिंपल्यांच्या वाळूमुळे ते बांधले जाण्याची शक्यता असली, तर हे प्रमाण दुप्पट करता येते. परीक्षणात स्फुरद पुरेसे निघाले, तर मात्र ते देऊच नये. वाडीत वर्षानुवर्षे शेणखत पडत आलेले असेल तेथे असे आढळू शकते, आणि चुना नसलेल्या निव्वळ वाळूतून जास्तीचे स्फुरद झिरपून खाडीपर्यंत जाते व तेथे शेवाळ माजवते. याच कारणाने लागवडीच्या वेळी डीएपी देण्याच्या प्रथेशी प्रस्तुत लेखकाचे जमत नाही : त्यातले ४६ टक्के स्फुरद एक वेळ उपयोगी पडेल, पण त्याच्यासोबतचे १८ टक्के नत्र मुळेच नसलेल्या जमिनीत पडते. निंबोळी पेंड गुंठ्याला चारपाच किलो मिसळण्यास हरकत नाही. तिच्यातील नत्र थोडे असते आणि सावकाश सुटते.

पहिले नत्र केव्हा द्यावे

याचे उत्तर लागवडीच्या पद्धतीवर अवलंबून आहे. रोपवाटिकेतून आणलेल्या तयार लॉनच्या गाद्या अंथरल्या असतील, तर त्या गवताने तेथे भरपूर खत खाल्लेले असते आणि उचलताना त्याची बहुतेक मुळे तुटलेली असतात. त्याला सुरुवातीला पाणी हवे असते, खत नको. फ्लोरिडातील जमीन आपल्या पुळणीसारखीच रेताड आणि तेथील भूजलही उथळ आहे. तेथील राज्य विद्यापीठाची शिफारस अशी आहे की, नवे लॉन लावल्यानंतर ३० ते ६० दिवस त्याला खत देऊ नये. गाद्यांच्या बाबतीत हा नियम येथेही पाळावा. गादीचा कोपरा हलकेच उचलून पाहावा. ती जमिनीला धरून राहिली आणि खाली पांढरी मुळे वाळूत शिरलेली दिसली, तरच पुढचा विचार करावा. गादीसोबत आलेली काळी किंवा लाल माती जाड असेल, तर वर सांगितलेली थरांची अडचण येथेही येते. अशी माती अंथरण्यापूर्वी शक्य तेवढी झटकून किंवा धुऊन काढणे कष्टाचे असले, तरी वाळूवर त्याचा मोठा फायदा होतो.

गवताच्या काड्या किंवा ठोंब टोचून लावले असतील, तर परिस्थिती निराळी असते. त्यांच्यापाशी साठा थोडा असतो आणि मोकळी जमीन भरून काढायची असते, म्हणून त्यांना महिनाभर उपाशी ठेवून चालत नाही. पण पहिल्या आठवड्यात देऊनही उपयोग नाही. साधारणपणे दहा ते पंधरा दिवसांत नवे कोंब दिसू लागतात. त्या वेळी चारसहा ठिकाणची काडी हलकेच ओढून पाहावी. ती सहज निघून आली, तर अजून थांबावे. हाताला विरोध जाणवला, तर पहिला हप्ता देण्यास हरकत नाही. दिवस मोजण्यापेक्षा ही खूण अधिक भरवशाची आहे, कारण कोकणातही डिसेंबर-जानेवारीत मुळे फुटण्यास ऑक्टोबरपेक्षा जास्त दिवस लागतात.

हप्त्यांचे प्रमाण

काड्यांपासून लावलेल्या हरळीच्या, म्हणजे बर्म्युडाच्या, लॉनला एका वेळी चौरस मीटरला अडीच ग्रॅम नत्र पुरते. गुंठ्याच्या हिशेबात हे ५५० ग्रॅम युरिया किंवा सव्वा किलो अमोनियम सल्फेट होते. हा हप्ता दर दहा ते चौदा दिवसांनी, जमीन गवताने पूर्ण झाकली जाईपर्यंत द्यावा. सुरुवातीला झाकण थोडे आणि मुळे विरळ असल्याने पहिले एकदोन हप्ते याच्या निम्म्याने दिले तरी चालतात. धावते फुटवे चौफेर सुटू लागले की पूर्ण मात्रा द्यावी, आणि जमीन दिसेनाशी झाली की दोन हप्त्यांमधील अंतर वाढवून महिन्यावर न्यावे. कोरियन किंवा मेक्सिकन नावाने मिळणारे झोयसिया गवत मुळातच सावकाश पसरते. अधिक खत घालून त्याला घाई करता येत नाही, म्हणून त्याला याच्या निम्मे ते दोनतृतीयांश नत्र पुरे. खारे वारे आणि मचूळ पाणी सोसणाऱ्या पास्पालमची नत्राची गरजही हरळीपेक्षा कमी असते. माडांच्या सावलीतील लॉनला उघड्यावरील लॉनच्या निम्मेच नत्र द्यावे. सावलीतील गवत जास्त नत्राने लांबट आणि लुसलुशीत होते व रोगाला बळी पडते.

हे सर्व एकाच वेळी देण्याचा मोह अनेकांना होतो, कारण दर दहा दिवसांनी माणूस लावणे परवडत नाही. अशा वेळी सावकाश विरघळणारे खत वापरावे. गंधकाचे आवरण असलेला युरिया आता ‘युरिया गोल्ड’ या नावाने ओळखला जातो, त्यात ३७ टक्के नत्र आणि १७ टक्के गंधक असते. साध्या युरियापेक्षा तो सावकाश सुटतो. तो चौरस मीटरला ५ ग्रॅम नत्राच्या हिशेबाने, म्हणजे गुंठ्याला १ किलो ३५० ग्रॅम, महिन्यातून एकदा देता येतो. नीम-लेपित युरियाबद्दल मात्र एक गैरसमज आहे. निंबोळीच्या तेलाने अमोनियमचे नायट्रेट होण्याची क्रिया काहीशी मंदावते, पण त्याआधीचा युरिया पाण्याबरोबर खाली जाण्याचे थांबत नाही. तेव्हा लेप आहे म्हणून हप्ते मोठे करू नयेत.

पालाशही वाळूतून वाहून जाते, म्हणून तेही विभागूनच द्यावे. दुसऱ्या आणि चौथ्या नत्राच्या हप्त्याबरोबर गुंठ्याला अर्धा अर्धा किलो सल्फेट ऑफ पोटॅश पुरते. म्युरेट ऑफ पोटॅश स्वस्त असले, तरी त्यात क्लोराइड भरपूर असते आणि त्याने मुळांजवळची क्षारता अधिक वाढते. किनाऱ्यावर, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत विहिरीचे पाणी मचूळ होत असेल तेथे, ही बचत महागात पडते.

खत देण्याची रीत आणि पाणी

मूठभर अंदाजाने खत देणे इतर कोठे चालत असेल, येथे वजनकाटा लागतो. अर्धा किलो युरिया गुंठाभर जागेत सारखा पसरणे हाताला कठीण जाते, म्हणून त्यात चारपाच किलो कोरडी वाळू मिसळावी, मिश्रणाचे दोन सारखे भाग करावेत आणि पहिला भाग उभ्या दिशेने, दुसरा आडव्या दिशेने चालत फोकावा. पाने कोरडी असताना, दव उतरल्यावर हे काम करावे. ओल्या पानांवर चिकटलेला दाणा तेथे डाग पाडतो. दुसरा आणि माझ्या मते लहान लॉनसाठी अधिक चांगला उपाय म्हणजे २०० लिटरच्या ड्रममध्ये तो ५५० ग्रॅम युरिया विरघळवून झारीने किंवा लहान पंपाने शिंपणे. द्रावण लिटरला तीन ग्रॅमपेक्षा पातळ राहते, सर्वत्र सारखे पडते आणि करपण्याची भीती उरत नाही.

कोणत्याही रीतीने दिले, तरी खतानंतर लगेच पाणी द्यावे. अल्कधर्मी वाळूच्या पृष्ठभागावर पडून राहिलेल्या युरियातील बरेच नत्र अमोनिया वायू होऊन उडून जाते, आणि शिंपल्यांच्या वाळूत अमोनियम सल्फेटचेही तेच होते. हे पाणी मोजके असावे. पाच ते सहा मिलिमीटर पाणी, म्हणजे गुंठ्याला ५०० ते ६०० लिटर, खत मुळांच्या थरात नेण्यास पुरते. खत द्रावणातून दिले असेल, तर ते २०० लिटर यातच धरावेत. मोटर चालू करून तासभर विसरून गेल्यास तेच खत मुळांच्या खाली जाते. पुढचे दोन दिवसही पाणी थोडे थोडे, पण अधिक वेळा द्यावे. नवी हिरवळ वाळूत वाळते या भीतीने तिला प्रमाणाबाहेर पाणी पाजले जाते आणि मग तिच्या पिवळेपणाचे खापर खतावर फुटते.

पिवळेपणा ओळखणे

पिवळे दिसले की युरिया, ही सवय वाळूत सर्वांत जास्त नुकसान करते. जुनी, खालची पाने आधी आणि सारखी फिकी पडत असतील, तर नत्राची कमतरता समजावी व पुढचा हप्ता दोनतीन दिवस अलीकडे ओढावा. नवी, वरची पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या राहिल्या असतील, तर ती लोहाची कमतरता असते. शिंपल्यांच्या वाळूत ती हमखास आढळते, आणि तिच्यावर युरिया दिला तर गवत वाढून लोहाची ओढ आणखी वाढते. तेथे लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड यांचे द्रावण गुंठ्याला पाच लिटर या प्रमाणात सायंकाळी फवारावे आणि गरज वाटल्यास दोनतीन आठवड्यांनी पुन्हा फवारावे. फेरस सल्फेट जमिनीतून देऊ नये, चुन्याच्या सान्निध्यात ते लगेच निरुपयोगी होते. जमिनीतूनच द्यायचे असेल, तर ईडीडीएचए प्रकारचे लोह चिलेट (सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले, विरघळलेले राहणारे लोह) घ्यावे, कारण ईडीटीए अधिक सामूच्या जमिनीत टिकत नाही. फवारा फरशीवर किंवा चिऱ्याच्या पायरीवर उडाला, तर गंजाचे डाग पडतात व ते निघत नाहीत. पानांवर तांबूस-जांभळी झाक असेल आणि वाढ खुंटलेली असेल, तर स्फुरदाकडे पाहावे. पण थंडीच्या आठवड्यात हरळीवर अशी झाक आपोआप येते आणि जातेही. पानांची फक्त टोके करपत असतील, तर क्षार किंवा खताची घाई हे कारण असते. त्या वेळी खत थांबवून एकदा भरपूर गोडे पाणी द्यावे.

पावसाळा आणि पुढचा काळ

पाण्याचा खर्च वाचतो म्हणून जूनमध्ये लॉन लावण्याचा प्रघात आहे. खताच्या दृष्टीने याहून वाईट मुहूर्त नाही, कारण कोकणात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत २,५०० ते ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यात वाळूतले विद्राव्य खत टिकत नाही. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हा लागवडीचा सर्वांत सोयीचा काळ होय : जमीन उबदार आणि ओलसर असते, आणि पाणी व खत दोन्ही आपल्या हातात राहतात. लॉन आधीच पावसाळ्यात लावून झाले असेल, तर कंपोस्टवर भिस्त ठेवावी, हवामान खात्याने मुसळधार पावसाचा इशारा दिलेल्या दिवसांत काहीही देऊ नये, आणि श्रावणातल्या उघडिपीत गुंठ्याला तीनशे ग्रॅम युरियाचे हलके हप्ते द्यावेत. हलकी सर अपेक्षित असेल, तर ती खतानंतरच्या पाण्याचे काम फुकटात करते.

गवत ठरलेल्या उंचीच्या दीडपट झाले की पहिली कापणी करावी, आणि एका वेळी उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक कापू नये. कापलेली बारीक पाती गोळा न करता लॉनवरच राहू द्यावीत. ती लवकर कुजतात, त्यांच्यातील नत्र गवताला परत मिळते आणि वाळूत सेंद्रिय अंशाची भर पडत जाते. लॉन पूर्ण भरल्यावर या एका सवयीने नत्राची वार्षिक गरज सुमारे पाव भागाने कमी करता येते. दर वर्षी ऑक्टोबरमध्ये चाळलेले कंपोस्ट अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ थराने पसरून झाडूने पात्यांच्या खाली उतरवावे. त्यानंतरच्या वर्षीच्या मात्रा ठरवताना लागवडीच्या वेळचे माती परीक्षण गृहीत धरू नये. वर्षाने पुन्हा नमुना पाठवावा आणि तो वरच्या दहा सेंटिमीटरांतूनच, शेवटचे खत दिल्याला किमान महिना लोटल्यावर घ्यावा.